हत्यार मोडेल तेव्हा काय होईल?

आयटीआयमधून फिटरचा किंवा वेल्डरचा कोर्स करून बाहेर पडलेला मुलगा स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकायला निघतो, तेव्हा हत्यारांसाठी त्याच्याजवळ पंधरा-वीस हजारांच्या वर रक्कम क्वचितच असते. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुलूपवाले अशा १८ व्यवसायांतल्या कारागिरांना हत्यारांसाठी मिळणारं साहाय्यही १५,००० रुपयांपर्यंतच आहे. एवढ्यात काय बसवायचं असं चार जाणत्यांना विचारलं, तर सल्ले तीनच मिळतात. एक म्हणतो, घ्यायचं तर नावाजलेल्या कंपनीचंच घे, स्वस्तातलं शेवटी महागात पडतं. दुसरा म्हणतो, सगळा माल एकाच कारखान्यातून येतो, नावाचे पैसे कशाला मोजायचे? तिसरा स्वतःला व्यवहारी समजतो. त्याचं म्हणणं, आधी सगळं स्वस्त घे, जे मोडेल तेवढंच नंतर भारीतलं घे. तिघंही मनापासून सांगतात, पण तिघांचंही म्हणणं मला मान्य नाही. तिसऱ्याचं तर धोक्याचं वाटतं.

पहिल्यापासून सुरुवात करू. क्लॅम्प, लाकडी मोगरी, पत्र्याची हत्यारपेटी यांत नावाचे पैसे मोजून पदरात काय पडतं? स्वस्त क्लॅम्प जास्त आवळला की वाकतो, वाकलेला डोळ्यांना दिसतो, आपण दुसरा लावतो. नुकसान तेवढंच. आणि ज्याचं भांडवल पंधरा हजार आहे, त्याने त्यातले सात-आठ हजार एका भारी ड्रिल मशीनवर घातले, तर मशीनच्या तोंडी बसवायला त्याच्याकडे उरतो तो रस्त्यावरच्या सेटमधला सोनेरी मुलाम्याचा बिट. पाच मिलिमीटरच्या एम.एस. पट्टीवर तो बिट टेकवून बघा. आधी किंचाळल्यासारखा आवाज येतो, मग धूर, भोकातून किस निघण्याऐवजी भुकटी पडते, आणि बाहेर काढावा तर टोक निळं पडलेलं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, धार गेली. साध्या कार्बन स्टीलचं पाणी दोन-अडीचशे अंशांच्या पुढे उतरू लागतं. खरं हाय स्पीड स्टील सहाशेच्या आसपासपर्यंत कडकपणा धरून ठेवतं. तोच जॉब मध्यम प्रतीच्या मशीनला चांगला एच.एस.एस. बिट लावून, थोडं कटिंग ऑइल सोडून करा, दोन्ही बाजूंनी किसाच्या सलग गुंडाळ्या वर येतात. काम जॉबला टेकणारं टोक करतं, मागची मोटर त्याला फक्त फिरवते. पैसे आधी टोकाला घालायचे. हॅक्सॉचं तसंच आहे. ताण धरणारी साधी फ्रेम चालते, ब्लेडमध्ये काटकसर चालत नाही.

दुसऱ्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. जालंधर-लुधियानाकडे हँड टूल्सचे पुष्कळ कारखाने आहेत, आणि एकाच भट्टीतून निघालेल्या पान्यांवर वेगवेगळी नावं ठोकली जातात हेही खरं. पण कारखाना एक असला म्हणून माल एक होत नाही. कोणतं पोलाद वापरायचं, पाणी कसं द्यायचं, जबड्याच्या मापात किती चूक चालवून घ्यायची आणि शेवटी किती नग बाजूला काढायचे, हे ऑर्डर देणारा ठरवतो. १३ मिलिमीटरच्या नटावर पाव-अर्धा मिलिमीटर सैल पाना बसला की जोर नटाच्या बाजूंवर न येता कोपऱ्यांवर येतो. मऊ जबडा आणखी फाकतो, कोपरे गोल होतात आणि गंजलेला बोल्ट इंजिनातच अडकून बसतो. वाचवले शे-दीडशे रुपये, आणि दिवस गेला बोल्ट ड्रिल करून काढण्यात. नाशिकच्या सातपूरच्या टपारियाचे पाने गावोगावच्या गॅरेजमध्ये दिसतात. ते काही चैनीच्या किमतीचे नाहीत. रोज लागणाऱ्या सात-आठ मापांचे असे पाने घेता येतात. चाळीस नगांचा चकाकता सेट त्याच पैशांत मिळतो, पण त्यातले तीस नग वर्षभर पेटीबाहेर येत नाहीत.

आता तिसरा सल्ला. ऐकायला तो फार शहाणपणाचा वाटतो, म्हणून सगळ्यांत जास्त पसरला आहे. त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: हत्यार बिघडलं की आपल्याला कळतं, आणि कळेपर्यंत काही बिघडत नाही. हे गृहीतच खोटं आहे.

स्वस्त डिजिटल कॅलिपर मोडत नाही. तो खोटं माप सांगतो, आणि दोन दशांशांपर्यंत ठामपणे सांगतो. तुम्ही त्यावर विसंबून शाफ्ट उतरवता, बुश बसत नाही, आणि दोष लेथला देता. गुण्याही तसाच. अर्ध्या अंशाने चुकलेल्या गुण्यावर कापलेल्या कपाटाची दारं बसवताना उघडी पडतात, तोवर प्लायचं शीट कापून झालेलं असतं. ही हत्यारं मोडायची वाट बघत बसलात तर ती जन्मभर मोडणार नाहीत.

आणि ग्राइंडर एकदाच मोडतो. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला ११,००० ते १२,००० फेरे घेते. म्हणजे तिच्या काठाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने तुकडा उडाला तर तोंड चुकवायला वेळ नसतो. गार्ड डुगडुगतो, स्विच चालू स्थितीत अडकतो, असा ग्राइंडर घेऊन तो मोडायची वाट बघा, हा सल्ला मी कोणाच्याही मुलाला देणार नाही. चकतीचंही तेच. ती रेझिनने बांधलेली असते, ओल धरली की कमजोर होते, म्हणून मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते, बहुधा तीन वर्षांची. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या फळीवर पडलेली, मुदत गेलेली चकती दुकानदाराने निम्म्या किमतीत दिली, तरी ती घेऊ नये.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ‘किती वापरणार?’ हा प्रश्न दुय्यम आहे. आधी विचारायचं, हे हत्यार बिघडेल तेव्हा काय होईल? बिघाड दिसणार असेल आणि त्यात फक्त वेळ जाणार असेल, तर बिनधास्त स्वस्त घ्या. बिघाड लपून राहणार असेल, तर पैसे घाला, निदान पारखून तरी घ्या. अंगावर येणार असेल, तर दुसरं काहीतरी पुढे ढकला, पण तिथे हात आखडू नका. वर्षातून दोनदा लागणारा ग्राइंडरही या हिशेबाने चांगलाच घ्यावा लागतो, आणि रोज लागणारा क्लॅम्प स्वस्तातला चालतो.

पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. चांगल्या कंपनीचं ६२०२ नंबरचं नवं बेअरिंग खिशात घालून दुकानात जा. त्याचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर, आतला १५. बाहेरच्या व्यासात चूक धरली तरी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. कॅलिपरने तो चार-पाच वेळा मोजा. आकडा ३५ पासून लांब असेल किंवा दरवेळी हलत असेल, तर कॅलिपर परत ठेवा. गुण्यासाठी सरळ कडेची फळी आणि पेन्सिल पुरते: एक रेघ ओढायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढायची. रेघा फाकल्या तर दिसणारी फट चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे लहान चूकही लपत नाही.

बॅटरीच्या ड्रिलवर ‘४८’, ‘८८’ असे आकडे ठळक छापलेले दिसतात. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पाच सेल मिळून १८. अठ्ठेचाळीस व्होल्टसाठी तेरा-चौदा सेल लागतील, ते त्या मुठीत मावणारच नाहीत. जो आकड्यात लबाडी करतो, त्याने आतली वायर आणि स्विच चांगले घातले असतील यावर मी विश्वास ठेवत नाही.

एक वाट तिन्ही सल्लागार विसरतात. स्वस्त म्हणजे नवंच असं कुठे आहे? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुनी, जड व्हाइस मिळते. नव्या हलक्या बिडाच्या व्हाइसचा जबडा घणाच्या फटक्याने तडकतो. जुनीची मात्र स्क्रू फिरवून ढिलाई बघायची, जबडे मिटवून फट बघायची, वेल्डिंगचा सांधा दिसला तर सोडून द्यायची. कानस आणि ड्रिल बिट तिथून घेऊ नयेत, कारण त्यांची सगळी किंमत धारेत असते आणि ती वापरलेली असते.

आयटीआयमध्ये मुलांना कानस धरायला आणि व्हर्निअर वाचायला शिकवतात. शेवटच्या सहामाहीत एक दिवस त्यांना हार्डवेअरच्या दुकानात न्यावं, हातात बेअरिंग आणि पेन्सिल द्यावी, आणि पंधरा हजारांची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. विश्वकर्मा योजनेच्या टूलकिटमध्येही कारागिराला नग निवडायची मोकळीक हवी. कोणतं हत्यार त्याला फसवेल आणि कोणतं त्याला इजा करेल, हे ठरावीक पेटी भरणाऱ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.