चिकूची जात कुठली?

आधीच सांगून टाकतो. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पदरात घ्या.

सबमिशनच्या आठवड्यात आमच्या अंधेरीच्या हॉस्टेलमागे, जनरेटरच्या शेडखाली एक पिल्लू सापडलं. रंग चिकूचा, म्हणून नाव चिकू. दहा मिनिटांत अख्ख्या विंगने त्याची वायवा घेतली. मेकॅनिकलवाला म्हणाला, "पंजे बघ केवढे, लॅब आहे." तोंड काळं म्हणून दुसऱ्याने जर्मन शेफर्ड ठरवला. एकाला तर शेपटीवरून हस्की दिसला! वॉचमनकाका तंबाखू मळत एवढंच म्हणाले, "गावठी हाय. आन् नुसतं दूध पाजू नका, पोट बिघडंल."

काका दोन्ही बाबतींत बरोबर निघाले. (पोटाचं आम्हाला त्याच रात्री कळलं.)

आपण धरून चालतो की रस्त्यावरचा कुत्रा म्हणजे चार परदेशी जातींची भेळ. प्रत्यक्षात उलटं आहे. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा, आणि आज दिसणाऱ्या बऱ्याच जाती गेल्या दीड-दोनशे वर्षांत माणसाने निवडून-निवडून घडवलेल्या. गावठी कुत्रा त्याच्या कितीतरी आधीचा. २०१५ मध्ये जगभरच्या गावठी कुत्र्यांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या कुत्र्यांमध्ये युरोपियन मिश्रण जवळपास सापडलंच नाही. मुंबईत एखादा लॅब गेटबाहेर पळत असेलही, पण काळं तोंड आणि मोठे पंजे हा काही पुरावा नव्हे. आणि जात कळून तरी काय कळतं? २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात अठरा हजारांहून जास्त कुत्रे होते. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, याचं जेमतेम ९ टक्के उत्तर जातीत मिळालं.

इंग्रजीत 'ब्रीड' म्हटलं की शास्त्रीय वाटतं. मराठीत तोच प्रश्न 'जात कुठली?' असा होतो. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलो तेव्हा मलाही आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" आमच्या मेसमध्ये दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्रे. त्यांची जात कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं शहाणपण मला नंतर सुचलं, हेही कबूल करतो. चिकूला घर शोधायची घाई होती. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातले भटके कुत्रे उचलून, नसबंदी-लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. परत त्याच जागी सोडायचं नाही. म्हणून मी फोटोखाली बिनधास्त लिहिलं : "लॅब मिक्स."

दोन दिवसांत अकरा फोन आले. मुलुंडच्या एका काकांनी विचारलं, "मोठा झाल्यावर लॅबसारखाच दिसेल ना?" मी "हो" म्हणालो. रात्री जर्नल लिहिताना तो "हो" काही डोक्यातून जाईना. सहा महिन्यांनी कान उभे राहिले, अंग सडपातळ झालं, की फसवलं म्हणून हेच काका त्याला कुठे नेऊन सोडतील? हायवेवर? सकाळी त्यांना फोन करून खरं सांगितलं. ते फारसं बोलले नाहीत. मग जाहिरात बदलली : "गावठी, नर, अंदाजे दोन महिने, पहिलं इंजेक्शन झालंय, रेबीजचं तीन महिन्यांचा झाल्यावर." फोन बंद! रूममेटने मला हरिश्चंद्र म्हणून घेतलं.

चौथ्या दिवशी घाटकोपरहून एका मावशींचा फोन आला. जातीचं नाव नाही. त्यांनी विचारलं, "रात्री रडतो का?"

म्हटलं, "खूप."

"मग रविवारी येते. कोणीतरी जागं असलेलं बरं."

आज गुरुवार. चिकूचा डावा कान उभा राहिलाय, उजवा अजून पडलेला आहे.