नदीचा मासा, फार्मचा मासा : एका टाकीची घाई नको

कापडाच्या धंद्यातल्या माणसाने शोभेच्या माशांवर लिहावे याचे काही वाचक बंधूंना नवल वाटेल. पण आमच्या पेढीवर गल्ल्याशेजारी गेली बरीच वर्षे तीन फुटी टाकी आहे. शिवाय क्रॉफर्ड मार्केटपासून कुर्ल्यापर्यंत मासे विकणारे, काचेच्या टाक्या जोडणारे, पंप दुरुस्त करणारे असे आपले कितीतरी बांधव या धंद्यावर पोट भरतात. या धंद्यात एक चूक सर्रास होते आणि तिचा भुर्दंड लहान दुकानदाराला पडतो. तिच्याबद्दल आम्हाला लिहायचे आहे.

बाजारातला माल मुळात दोन तऱ्हेचा. एंजल, गप्पी, मोली, गोल्डफिश हे हौदात पैदास झालेले. चेन्नईचे कोळत्तूर आणि कोलकात्याजवळचा हावडा जिल्हा यांची या कामात मोठी ख्याती आहे. दुसरा माल नदीनाल्यातून जाळ्याने धरलेला. आपल्याकडे विकला जाणारा बोटिया बहुतेक याच जातीचा. उत्तरेच्या आणि बंगाल-आसामच्या नद्यांतून तो येतो. त्याच्या एका भाऊबंदाला बंगालमध्ये राणी मासा म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टाकीत दहा एंजल होते, सगळे फार्मचे, हात दिसला की काचेपाशी धावणारे. एका ओळखीच्या दुकानदाराने सहा बोटिया दिले. "शेठ, आजच पेटी फोडली, एकदम ताजा माल," तो म्हणाला. आम्ही 'ताजा' या शब्दावर भाळलो. कापडात कोरा माल म्हणजे उत्तम माल. माशांत नेमके उलटे आहे. जो मासा दुकानात तीन आठवडे टिकला तोच भरवशाचा. आम्ही पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवली आणि सहाही मासे त्याच संध्याकाळी मोठ्या टाकीत सोडले. पाचव्या दिवशी बोटियांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, आठव्या दिवशी एंजलच्या परांवर. पंधरवड्यात सात एंजल आणि चार बोटिया गेले. दुकानदाराचे नाव घेत नाही. त्याच्या टाकीत तेव्हा काहीच दिसत नव्हते, हे आम्ही स्वतः पाहिले होते.

दिसत नव्हते ते कसे, हे नंतर समजून घेतले. पांढऱ्या ठिपक्याचा जंतू माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याला लागत नाही. तो पिकून तळाशी गळतो, तिथे फुटून त्याची शेकडो पिल्ले पाण्यात सुटतात आणि नवा मासा शोधतात. औषध मारते ते याच पिल्लांना. म्हणून ठिपके गेले की बाटली बंद करणारा फसतो. पुढची फेरी तळाशी तयार होत असते. बोटियाचे खवले अगदी बारीक, त्यामुळे त्याला रोगही आधी लागतो आणि औषधही आधी भोवते. इतरांना चालणारा डोस त्याला जड जातो.

येथे एक गोष्ट आम्हा कापडवाल्यांच्या ओळखीची निघाली. मासेवाले जी निळी आणि हिरवी औषधे देतात, मिथिलिन ब्लू आणि मॅलाकाइट ग्रीन, ती मुळात कापड रंगवायची द्रव्ये. मिथिलिन ब्लू तर १८७६ साली सुती कापडासाठी निघाले. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मारायला जो हायपो टाकतात, तोच ब्लीचिंगनंतर कापडातले क्लोरीन काढायला वापरतात. रंगारी तोळामासा मोजून रंग घालतो. मासेवाला मात्र झाकणाने ओततो. हिरवा रंग तर विषारीच आहे, खाण्याच्या माशांवर वापरायला मनाई आहे. हात धुवावेत आणि बाटली मुलांपासून दूर ठेवावी.

मात्र सगळा दोष नदीच्या माशावर ढकलणे इन्साफ नव्हे. फार्मचा मासा दाटीच्या हौदात, पुष्कळदा औषधाच्या पाण्यात वाढलेला असतो. तो स्वतः धडधाकट दिसतो, पण अंगावर असे जंतू बाळगतो ज्यांची नदीच्या माशाला सवयच नसते. नदीच्या माशाच्या पोटात जंत असतात, जे नदीत खपून जातात. पिशवीत, थर्माकोलच्या पेटीत, उपाशीपोटी प्रवास झाला की तेच डोके वर काढतात. रोग दोन्ही बाजूंनी जातो.

आणि भूक! हे कोणी सांगत नाही. फार्मच्या माशाला सुके दाणे म्हणजेच अन्न. नदीच्या माशाला ते अन्न आहे हेच ठाऊक नसते. तो दगडाआड बसून राहतो, तोवर एंजल सगळे फस्त करतात. गिऱ्हाईक म्हणते, मासा लाजाळू आहे. मासा उपाशी असतो. वेगळ्या टाकीत जिवंत किडे देत देत, त्यात हळूहळू सुके दाणे मिसळत त्याला वळण लावता येते. भरल्या टाकीत ते जमत नाही.

कायद्याची बाजूही आहे. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातल्या नद्यांचा, अंगावर लाल-काळा पट्टा असलेला मिस केरळ हा मासा १९९७ साली सिंगापूरच्या प्रदर्शनात गाजला. पुढे त्याची इतकी पकड झाली की तो धोक्यातल्या जातींत गेला. हौदात त्याची पैदास जमली आहे. पण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत त्याचे नाव अनुसूचीत आले. फार्मचा आणि ओढ्यातला असे दोन्ही एका टाकीत सोडले की कोणता कुठला हे मालकालाही सांगता येणार नाही. मग बिल कोणत्या माशाचे म्हणून दाखवणार? हा मासा ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी वनखात्यात विचारून घ्यावे.

आमचे म्हणणे एवढेच की दुकानात प्रत्येक टाकीवर 'नदीचा' किंवा 'फार्मचा' अशी चिठ्ठी असावी, आणि नवा माल चार आठवडे वेगळा राहावा, त्याची जाळी आणि नळीसुद्धा वेगळी. दुकानदार म्हणतात, महिनाभर भांडवल अडकते, जागेचे भाडे कोण देणार? हरकत रास्त आहे. कुर्ल्यात हातभर जागेचे मोल आम्हाला ठाऊक आहे. मग त्या महिन्याचा खर्च किमतीत उघड धरा. खातरीच्या मालाला आम्ही जादा दाम आनंदाने देऊ. आमच्या सात एंजलचा हिशेब त्याहून जड होता.

टाक्या जोडणाऱ्या कारागिरांनी तर यात धंदाच पाहावा. मोठ्या टाकीतून उरलेल्या काचेच्या पट्ट्यांत दीड फुटी, पस्तीस लिटरची टाकी सहज बसते. मोठीबरोबर ती जोडीनेच विकावी. आम्ही तशी एक करून घेतली आहे. ती गल्ल्यामागे कापडाच्या ताग्यांशेजारी आहे, आणि सध्या तिच्यात चार नवे बोटिया तिसरा आठवडा काढत आहेत.