मुठीचे मोल

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या पश्चिम बाजूस सह्याद्रीचे दाट अरण्य पसरलेले आहे. या अरण्यात गवे कळपांनी हिंडतात, रानकुत्री सांबरांचा माग काढतात आणि शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेप घेते. रात्रीच्या काळोखात खवले मांजर वारुळे उकरीत फिरते. येथील कोयना व चांदोली ही वने १९८५ साली अभयारण्ये म्हणून घोषित झाली. पुढे चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० साली या दोन्ही वनांचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वाघ, रानकुत्रा व खवले मांजर यांची गणना आज जगातून नाहीशा होऊ पाहणाऱ्या प्राण्यांत होते.

अशा प्राण्यांच्या रक्षणासाठी शाळेतील मुलांनी निधी जमवावा काय? कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. वनरक्षक नेमणे, शिकाऱ्यांना शासन करणे, शेतकऱ्यांस नुकसानभरपाई देणे ही सर्व सरकारची कर्तव्ये आहेत. मग मुलांच्या चार रुपयांनी काय होणार? मुलांनी आपला अभ्यास करावा, हे बरे.

या आक्षेपाचे उत्तर शोधण्यासाठी सातारकरांना दूर जावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यापाशी धन नव्हते. घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करून गोरगरिबांच्या मुलांची वसतिगृहे चालविली गेली. हाच तो मुष्टिफंड. त्या मुलांनीही स्वतः कष्ट करून आपल्या शिक्षणाचा भार उचलला. मुठीमुठीने पोती भरली, हे तर खरेच; परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या घरातून मूठ गेली, त्या घराला शाळा आपली वाटू लागली.

वनांच्या बाबतीतही असेच घडू शकते. स्वीडन देशातील एका खेड्याच्या लहानशा शाळेत १९८७ साली मुलांच्या कानी आले की, मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशाची अरण्ये तोडली जात आहेत. तेथील जमीन विकत घेऊन अरण्य राखता येईल काय, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी निधी जमविला आणि त्यातून काही हेक्टर अरण्य वाचले. पुढे अनेक देशांतील मुले त्यांना येऊन मिळाली. आज तेथे मुलांच्याच नावाने ओळखले जाणारे सुमारे २२,००० हेक्टरांचे संरक्षित वन आहे.

तेव्हा मुलांनी निधी अवश्य जमवावा. मात्र तो स्वतःच्या कष्टाचा असावा. वडिलांच्या खिशातील नोट आणून पेटीत टाकणे, याला दान म्हणता येत नाही. तो केवळ निरोप पोचविणे होय. शाळेच्या बागेतील भाजी विकून, रोपे वाढवून, दिवाळीसाठी आकाशकंदील तयार करून मिळालेला रुपया लहान असला, तरी तो आपला असतो. त्या रुपयाचा हिशेब शाळेच्या फळ्यावर सर्वांना दिसेल असा लिहिलेला असावा. ज्याने हिशेब ठेवला, तोच पुढे दुसऱ्यांकडून हिशेब मागू शकतो, आणि सरकारलाही असे मागणारे नागरिक हवेच असतात.

आणखी एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. वारणेवरील धरण आणि चांदोलीचे अरण्य यांसाठी तेथील अनेक गावांना आपली घरे, शेते व देवळे सोडून दूर जावे लागले. त्या माणसांनी मूठभर नव्हे, तर सारे घरदारच दिले, आणि तेही पुष्कळदा मनाविरुद्ध. आजही वनाच्या कडेच्या शेतात गवे शिरतात आणि हाताशी आलेले पीक एका रात्रीत तुडवून जातात. अशा शेतकऱ्यास ‘प्राण्यांवर प्रेम करा’ असे शहरातील मुलांनी सांगावे, हे शोभणारे नाही. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा खर्च त्याने मुलांपेक्षा कितीतरी अधिक सोसलेला असतो.

म्हणून मुलांचा निधी अशा कामी लागावा की, ज्यात प्राण्याचे व माणसाचे हित एकच असेल. असे काम शोधू गेल्यास जवळच सापडते. कराड व शिराळा या तालुक्यांत उसाच्या फडांत बिबटे वावरतात. अंधारात एखाद्या उघड्या विहिरीत बिबट्या पडतो, तसे लहान मूलही पडू शकते. त्या विहिरीला कठडा बांधला, तर दोघांचेही प्राण वाचतील. विटा, वाळू, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी एवढ्याचीच त्यासाठी गरज असते. एखाद्या शाळेने मनावर घेतले, तर वर्षाकाठी एक कठडा बांधणे अशक्य नाही.

त्या कठड्यावर शाळेचे नाव कोरण्याचे मात्र कारण नाही. रात्री उसातून निघालेला बिबट्या ते नाव वाचणार नाही. तो कठड्याला वळसा घालून आपल्या वाटेने निघून जाईल, आणि तेवढे पुरे आहे.