बिझनेस क्लासचे तिकीट : थाटासाठी नव्हे, झोपेसाठी

परदेशी ग्राहकाशी थेट व्यवहार करणे ही आता आपल्या समाजातील व्यापाऱ्यांना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सोलापूरचे टॉवेल, भिवंडी-मालेगावचे कापड, धारावीच्या चामड्याच्या वस्तू जगाच्या बाजारात जातात आणि मालाच्या मागोमाग मालकालाही जावे लागते. जर्मनीत फ्रँकफर्टला दर जानेवारीत हाइमटेक्सटिल हे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. त्यासाठी कोणी पहिल्यांदाच बिझनेस क्लासचे तिकीट काढतो, तेव्हा घरातील वडीलधारे विचारतात, "हा इस्राफ नाही का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे.

आमचे स्पष्ट मत असे की, उतरल्यावर त्याच सकाळी सौद्याला बसायचे असेल तर हा खर्च धंद्याचा आहे. नातेवाइकांना फोटो दाखवायचे असतील तर तो इस्राफच आहे. साध्या वर्गाच्या कित्येक पटींनी पैसे मोजून आपण जी वस्तू विकत घेतो ती म्हणजे आडवे होऊन घेतलेली झोप. जागरणाने डोके जड झालेला व्यापारी भावाच्या घासाघीसीत लवकर 'हो' म्हणतो, आणि कंटेनरभर मालावर सोडलेला एक-दोन टक्का तिकिटाच्या फरकापेक्षा महाग पडू शकतो. मात्र हाताशी एक दिवस मोकळा असेल, तर साध्या वर्गाने एक दिवस आधी जाऊन हॉटेलात झोपणे अधिक शहाणपणाचे. परतीच्या प्रवासात सौदा नसतो, तेव्हा परतीचे तिकीट साधेच बरे. आणि व्याजाच्या हप्त्यांवर तर हे तिकीट मुळीच काढू नये.

तिकीट काढताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आसन पूर्ण सपाट होते का. ब्रिटिश एअरवेजने 2000 साली बिझनेस क्लासमध्ये सपाट बिछाना आणला आणि पुढे इतरांनीही तो स्वीकारला. तरी काही विमानांत आजही नुसती मागे कलणारी खुर्ची मिळते. विमान कोणते, हे एजंटाला विचारूनच पैसे द्यावेत. दुसरी, जागा स्वयंपाकघर व स्वच्छतागृहापासून दूर घ्यावी. तिसरी, तिकिटावर आपला जीएसटी क्रमांक घालावा. 22 सप्टेंबर 2025 पासून बिझनेस क्लासवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला आहे. प्रवास धंद्यासाठी असल्यास त्याचे इनपुट क्रेडिट मिळू शकते. आपल्या करसल्लागाराशी बोलून घ्यावे.

हलाल जेवण आपोआप मिळेल असे समजू नये. आखाती देशांच्या कंपन्यांत ते सहसा असते. युरोपीय कंपन्यांत 'मुस्लिम मील' असे आधी नोंदवावे लागते, निदान 24 तास अगोदर. बसताच पेल्यांचे तबक समोर येते, त्यात बहुधा मद्यही असते. ओशाळून जाण्याचे कारण नाही. "पाणी द्या" एवढे म्हटले की पुरते.

आता झोपेविषयी. मुंबईहून फ्रँकफर्टचा प्रवास सुमारे नऊ तासांचा आहे. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. म्हणजे पहाटे दोनला सुटलेले विमान आपल्या अकराला, पण तिथल्या सकाळी साडेसहाला उतरते. झोपायचे असेल तर विमान उडताच झोपावे. त्यासाठी रात्रीचे जेवण विमानतळावरील लाउंजमध्येच हलके उरकावे. तिथेही हलालची चौकशी करावी, नाहीतर शाकाहार घ्यावा. विमानात चढताच सैल कपडे घालावेत, "जेवणासाठी उठवू नका" असे सांगावे आणि सीटबेल्ट चादरीच्या वरून बांधावा, म्हणजे तो तपासायला कोणी जागे करीत नाही. सिनेमाचा पडदा बंदच ठेवावा.

विमानातील हवा फार कोरडी असते. आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांहूनही कमी. म्हणून पाणी वरचेवर प्यावे, चहा-कॉफी आवरती घ्यावी. चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात नमूद आहे. जाग येईल तेव्हा घोटे फिरवावेत, चार पावले चालावे. मधुमेहाचे इन्सुलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील बॅगेतच असावे.

नमाजची काळजीही आधीच मिटते. इशा विमानतळावर वुजू करून अदा करावी. सोलापूर-मालेगावहून निघालेला माणूस मुंबईतच मुसाफिर असतो, त्याची कस्र होते. बारकावे आपल्या आलिमांना विचारावेत. जानेवारीत फ्रँकफर्टला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे विमान वेळेवर उतरले तर फज्र विमानतळावरील नमाजच्या खोलीतही मिळते. विमानाला उशीर झाला तर मात्र वर असतानाच अदा करण्याची तयारी असावी.

नमुन्यांबाबत एक सूचना. बिझनेस क्लासला अनेक कंपन्या प्रत्येकी 32 किलोच्या दोन बॅगा देतात. नमुने नेणाऱ्याला हा खरा फायदा आहे. तरी मुख्य नमुन्यांचा एक संच हातातच ठेवावा, कारण बॅग मागे राहिली तर ग्राहकाला दाखवायला काहीच उरत नाही. कात्री, आरी, सुई-दाभण मात्र हातात चालत नाही. ती मोठ्या बॅगेत टाकावीत. मिरजेच्या सितार कारागिरांनी वाद्य सोबत नेण्याची परवानगी कंपनीकडून आधी लेखी घ्यावी.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की, आपल्या मालामागे मागावर रात्रपाळी करणारा कारागीर असतो. त्याच्या मेहनतीच्या पैशातून हे तिकीट निघते. म्हणून परत आल्यावर वडीलधाऱ्यांसमोर तिकिटाचा खर्च आणि सौद्याचा भाव एकाच कागदावर मांडावा. जमाखर्च जुळला तर पुढच्या वर्षी खुशाल जावे. न जुळल्यास पुढच्या वेळी साध्या वर्गाने एक दिवस आधी निघावे, त्यात कमीपणा मानू नये. अल्लाह आपल्या व्यापारात बरकत देवो.