कसणाऱ्याची जमीन, पण विकण्याचा हक्क कोणाचा?

गोव्यातल्या आपल्या मराठी कुटुंबांत कोणाचे आजोबा भाटकार होते, कोणाचे कूळ, कोणाचे मुंडकार. त्यामुळे जमिनीचा विषय निघाला की चारचौघांत सगळे गप्प बसतात. आम्ही तो आज मुद्दाम काढतो आहोत.

1964 चा कूळ कायदा भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात झाला. हा मुख्यमंत्री स्वतः खाणमालक होता, हे 'सरकारने कोणाच्या मालमत्तेत हात घालू नये' म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत 1975 च्या कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यास पायबंद बसला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा हाच मालक मानला गेला. भाटकारांनी तेव्हा मालमत्तेच्या हक्काचा मुद्दा मांडला. तो पोकळ नव्हता. हा हक्क त्या वेळी राज्यघटनेत मूलभूत होता, 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने तो त्या यादीतून गेला. दोन-चार कुणग्यांच्या खंडावर ज्यांची चूल पेटे, अशा लहान भाटकारांचे हाल झाले हेही आम्ही नाकारत नाही.

पण दुसऱ्या बाजूचे स्वातंत्र्य काय होते? घरावर कौले घालायची तर भाटकाराला विचारा, मत कोणाला द्यायचे तेही त्यालाच विचारा. ज्याला राहत्या घराची शाश्वती नाही त्याने खुल्या बाजारात करार कसला करायचा? आमच्या मते त्या कायद्यांनी व्यक्तिस्वातंत्र्य कमी केले नाही, ते अधिक माणसांना दिले.

आता पारडे फिरले आहे. शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा 2023 मध्ये झाला. शेतकरी नसलेल्याला भातशेती विकायला, काही अपवाद सोडता, त्याने बंदी घातली. दिल्ली-मुंबईचा पैसा शेते गिळू लागला होता, म्हणून हेतू योग्यच. मात्र कुळाचा नातू विचारतो : जमीन माझी झाली, तर ती विकण्याचा हक्क माझा का नाही? म्हणजे 1976 साली भाटकार जे बोलत होते तेच आज कूळ बोलते आहे!

या प्रश्नाला 'गोव्याची अस्मिता' हे उत्तर पुरत नाही. खाजन शेती पाहिली तर खरे उत्तर सापडते. तेथे एकाचे शेत शेजाऱ्याच्या शेतापासून वेगळे नसते. बांध एक, मानस एक. मानशीच्या मासळीचा लिलाव घेणारा जास्त मासे मिळावेत म्हणून खारे पाणी आत ठेवतो आणि सगळ्या गावाचे भात करपते. बांधाला एक भगदाड पडले तरी तेच. अशा जमिनीत 'माझे मी बघीन' हे चालत नाही, म्हणून विक्रीवरचा निर्बंध आम्हाला मान्य आहे.

मान्य आहे, पण फुकट नाही. गावाच्या भल्यासाठी एकाला भाव सोडायला लावायचा, तर त्याची भरपाई गावाने, म्हणजे सरकारने, करायला हवी. बांधांच्या दुरुस्तीला पावसाआधी पैसा, भाताला परवडेल असा दर, आणि घरात आजारपण येऊन विकायची पाळी आलीच तर रास्त किमतीत जमीन घेणारी यंत्रणा. यातले नीट काही नसताना नुसती बंदी म्हणजे न्यायाचा खर्च गरिबाच्या माथी मारणे.

आणि हेच सरकार दुसऱ्या दाराने काय करत होते? नगरनियोजन कायद्यात 2023 मध्ये 17(2) आणि 2024 मध्ये 39(अ) ही कलमे आणली. अर्ज करा, जमिनीचा विभाग बदलून घ्या. 17(2) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2025 मध्ये रद्द केले. कुणगेवाल्याला बंदी आणि बिल्डरला मुभा, ही कोणती समता? सरकार समतेच्या बाजूचे म्हणावे तर तसे नाही, स्वातंत्र्याच्या म्हणावे तर तसेही नाही.

मुंडकारांचे दावे तर अजून मामलेदार कचेऱ्यांत पडून आहेत. 1975 साली मिळालेला हक्क कागदावर यायला तिसरी पिढी उजाडली. मत मागायला येणाऱ्याला आपल्या सभासदांनी दोनच गोष्टी विचाराव्यात : आपल्या तालुक्यातले किती दावे तुम्ही निकाली काढून घेतलेत, आणि गेल्या पावसाळ्यात फुटलेला बांध कोणी बांधला?