विश्लेषण : रात्रभर सायकल आणि समोर समुद्र! लंडनची ‘डायनॅमो’ राइड कोकणात जमेल का?

थंडीची चाहूल लागली की पुण्या-मुंबईतल्या सायकल ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो, ‘रात्रभर सायकल चालवू, पहाटे समुद्रावर पोहोचू.’ सोबत बऱ्याचदा लंडनच्या ‘डनिच डायनॅमो’चे फोटोही असतात. काळोखात लाल दिव्यांची लांबच लांब रांग आणि शेवटी गोट्यांच्या किनाऱ्यावर आडव्या पडलेल्या सायकली. कल्पना कुणालाही भुरळ पाडेल अशीच आहे. पण ती राइड जशीच्या तशी कोकणात आणता येत नाही. का, आणि मग काय करता येईल, याचा हा आढावा.

ही ‘डायनॅमो’ राइड नेमकी काय आहे?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या काही सायकलप्रेमींनी ती सुरू केली. दरवर्षी जुलैतल्या पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी संध्याकाळी पूर्व लंडनच्या हॅकनी भागातील लंडन फील्ड्स या उद्यानाजवळ सायकलस्वार जमतात. तिथून एसेक्स आणि सफक परगण्यांतल्या आडवाटांनी रात्रभर सायकल चालवत ते डनिच या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात पोहोचतात. अंतर सुमारे १८० किलोमीटर. चांगल्या वर्षी सहभागी होणाऱ्यांची संख्या हजाराच्या पुढे जाते.

डनिचची स्वतःची गोष्टही मोठी आहे. मध्ययुगात हे भरभराटीचे बंदर होते. १२८६ सालच्या आणि त्यानंतरच्या वादळांनी किनारा खचत गेला आणि बहुतेक शहर समुद्राने गिळले. तरीही या उरल्यासुरल्या गावातून १८३२ पर्यंत ब्रिटनच्या संसदेत दोन खासदार जात होते.

आयोजक नाही, मग चालते कशी?

हीच या राइडची खरी ओळख. ही शर्यत नाही. प्रवेश फी नाही, पदक नाही, वेळेची नोंद नाही, मागून येणारी मदतीची गाडी नाही. पंक्चर झाले तर स्वतः काढायचे. वाटेतल्या गावांत त्या रात्री काही ठिकाणी उशिरापर्यंत खाणे-पिणे मिळते. परतीसाठी बस आणि सायकलींसाठी ट्रकची सोय सदर्क सायकलिस्ट्स या लंडनच्या गटाने अनेक वर्षे केली. बाकी सारे ज्याचे त्याने पाहायचे.

याउलट आपल्याकडे रात्री सायकल चालवण्याचा शिस्तशीर प्रकार म्हणजे ‘ब्रेव्हे’. ऑडॅक्स इंडिया या संस्थेच्या छत्राखाली ठिकठिकाणचे क्लब त्या घेतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जॅकेट सक्तीचे. मदतीची गाडी ब्रेव्हेतही नसते, पण नियम आणि नोंद असते.

‘ना फी, ना नियम’ हे लंडनचे मोकळेपण आपल्या ग्रुपना जास्त आवडते. मात्र ते कशाच्या जोरावर टिकून आहे, हे क्वचितच पाहिले जाते.

ते मोकळेपण कशावर उभे आहे?

तीन गोष्टींवर. पहिली, गर्दी. हजारभर सायकली एकाच वाटेवर असल्या की पुढे-मागे कायम कुणाचा तरी दिवा दिसतो. रस्ता चुकणे अवघड, एकटे पडणे त्याहून अवघड. मागून येणाऱ्या मोटारचालकालाही पहिल्या पाच मिनिटांत कळते की आज या रस्त्यावर सायकली आहेत.

दुसरी, छोटी रात्र. जुलैत तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या आसपास उगवतो. संधिप्रकाश वजा केला तर खरा काळोख जेमतेम सहा-सात तासांचा. तिसरी, रस्ता. पूर्व इंग्लंडचा हा भाग सौम्य चढ-उतारांचा आहे आणि मार्ग हमरस्ता टाळून गावांमधून जातो.

आता पुणे ते दिवेआगर हा सुमारे १६० किलोमीटरचा मार्ग घ्या. ग्रुपमध्ये वीस-पंचवीस जण. तासाभरात त्यांच्यात पाच किलोमीटरचे अंतर पडते आणि शेवटचा एकटा राहतो. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो आणि सातला उगवतो, म्हणजे रात्र तेरा तासांची. आणि मध्ये ताम्हिणी घाट आहे. लंडनच्या राइडला जे आपोआप मिळते, त्यातले एकही इथे नाही. म्हणून तिथे नियमांवाचून जे चालते, ते इथे नियमांनीच उभे करावे लागेल.

काळोखात नेमका धोका कुठे?

साधा हिशोब आहे. सायकल ताशी २० किलोमीटरने जात आहे आणि मागून मोटार ८० ने येत आहे. दोघांमधले अंतर ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटरने कमी होते. सायकल ५० मीटरवर दिसली तर चालकाच्या हाती तीन सेकंद उरतात. १५० मीटरवर दिसली तर नऊ सेकंद. हा सहा सेकंदांचा फरक मागचा लाल दिवा आणि घोट्याला बांधलेली चमकपट्टी करते. घोट्याची पट्टी पायडलबरोबर वर-खाली होते, त्यामुळे समोर माणूस आहे हे चटकन ओळखू येते. ब्रिटनमध्ये सूर्यास्तानंतर सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्यानेच बंधनकारक आहे.

दुसरा धोका उताराचा. लोणावळा ते खोपोली या उतारावर उंची पाचशे मीटरहून अधिक उतरते. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर ५०० मीटर उतरताना सुमारे ४ लाख ४० हजार जूल ऊर्जा मोकळी होते. सव्वा लिटर पाणी उकळीला आणता येईल इतकी. तिचा काही वाटा हवा घेते, उरलेली ब्रेकवर येते. झिजलेले ब्रेक पॅड, ओले वळण आणि वीस मीटरपुढे न पोहोचणारा दिवा एकत्र आले, तर अनुभवी सायकलस्वारही सावरू शकत नाही.

तिसरा धोका झोपेचा. पहाटे दोन ते पाच ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ. सायकलस्वाराइतकाच ट्रकचालकही त्या वेळी पेंगुळलेला असतो.

चंद्रप्रकाशाचे काय?

इथे मात्र आपण लंडनच्या पुढे आहोत. इंग्लंडमध्ये जुलैतली पौर्णिमा आकाशात खालूनच सरकते. महाराष्ट्रात कोजागरीपासून माघी पौर्णिमेपर्यंतचा चंद्र मध्यरात्री जवळपास डोक्यावर येतो आणि आकाशही बहुधा निरभ्र असते. मोकळ्या माळावर रस्त्याची कडा स्पष्ट दिसते. पण चंद्रप्रकाशात सायकलस्वाराला रस्ता दिसतो, मोटारचालकाला सायकलस्वार दिसेलच असे नाही. शिवाय घाटातल्या दाट झाडीत चांदणे पोहोचत नाही. दिव्याला पर्याय नाही.

मग पहाटेच समुद्र गाठायचा हट्ट कशाला?

सगळ्या चर्चेतून निसटणारा मुद्दा हाच आहे. डनिचचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. तिथे रात्रभर पायडल मारायचे बक्षीस म्हणजे समुद्रातून वर येणारा सूर्य. कोकणचा किनारा पश्चिमेला पाहतो. सूर्य पाठीमागे, सह्याद्रीआडून उगवतो. पहाटे सहाला दिवेआगरला पोहोचणाऱ्याला समुद्र दिसतो तो करडा, सूर्याविना. म्हणजे ज्या घाईसाठी रात्री बाराला-एकला काळोखात घाट उतरायचा, ती घाई इंग्लंडच्या भूगोलातून आलेली आहे. आपल्या भूगोलात तिला अर्थ नाही.

वेळ उलटी केली तर बरेच प्रश्न सुटतात. संध्याकाळी सातला जेवून झोपायचे. पुण्याहून पहाटे अडीचला निघायचे. देशातल्या अपघातांच्या सरकारी आकडेवारीत संध्याकाळी सहा ते नऊ हा काळ सर्वाधिक अपघातांचा असतो, तो आपोआप टळतो. चार तास चांदण्यात आणि थंडीत मुळशीच्या पाण्याकाठाने जायचे. ताम्हिणी पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, म्हणजे घाटमाथ्यावर उजाडते. सह्याद्रीवरचा सूर्योदय पाहायचा, चहा घ्यायचा आणि दिसत्या रस्त्यावरून घाट उतरायचा. दुपारी समुद्र. आणि संध्याकाळी कोकणचा खरा मान, सूर्यास्त.

वीस जणांच्या ग्रुपने काय पाळावे?

• सर्वांत हळू जाणाऱ्याचा वेग हाच ग्रुपचा वेग. सर्वांत अनुभवी माणूस पुढे नको, सगळ्यांच्या मागे हवा.

• दर १५ किलोमीटरला थांबून मोजणी. शेवटचा आल्याशिवाय पुढचा हलणार नाही.

• प्रत्येकाकडे दोन मागचे दिवे, एक जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायचे लिव्हर. निघण्याआधी पंक्चर काढता येते का, हे घरी करून पाहायचे.

• घाट उजाडल्यावरच. उशीर झाला तर माथ्यावर थांबायचे.

• परतीची सोय आधी. रात्रभर जागलेल्या माणसाने गाडी चालवायची नाही. टेम्पोचा चालक झोप झालेला हवा. अलिबागकडे गेल्यास मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट सायकलसह परतायला सोयीची.

‘सहभागी स्वतःच्या जबाबदारीवर’ एवढे पुरेसे?

लंडनमध्ये हे वाक्य प्रामाणिक आहे, कारण तिथे कुणी पैसे घेत नाही आणि कुणी काही कबूलही करत नाही. आपल्याकडे काही ठिकाणी टी-शर्ट, पदक आणि नाश्त्यासाठी फी घेतली जाते आणि अर्जाच्या तळाशी हेच वाक्य छापले जाते. ही सरळसरळ पळवाट आहे. पैसे घेतले की मार्गाची पाहणी, मागची गाडी, प्रथमोपचार आणि मोजणी ही आयोजकाचीच कामे. ती झेपत नसतील तर फी घेऊ नये, मित्रमंडळी म्हणून जावे.

या रस्त्यावर रोज कोण असते?

हौशी सायकलस्वार वर्षातून एखादी रात्र या रस्त्यावर काढतो. पाळी सुटलेला कामगार, रखवालदार, पहाटेचा दूधवाला रोज काढतो. त्याच्या जुन्या सायकलला बहुधा दिवा नसतो. एकेकाळी टायरला टेकवलेला बाटलीसारखा डायनॅमो घरोघरी होता आणि दिवा नसला तर पोलीस अडवत. आता डायनॅमो गेला, अडवणेही गेले. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यात सायकलस्वारही आहेत आणि त्यांच्यासाठी ग्रुपवर मेसेज फिरत नाही.

पदकांवर होणाऱ्या खर्चात वाटेतल्या गावांतल्या शेकडो सायकलींना चमकपट्ट्या लावता येतील. रात्रीच्या राइडला एखादे कामच जोडायचे असेल, तर याहून चांगले सापडणार नाही. समुद्र कुठे जात नाही. दुपारी पोहोचले तरी चालेल, निघालेले सगळे पोहोचले पाहिजेत.