चीज वाटीनं नको, वजनानं लिहा



आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर हल्ली पास्ता, बेक्ड भाज्या, चीज पराठे यांच्या रेसिपी रोज येतात. कांदा-लसूण वगळून, बटाट्याच्या जागी कच्ची केळी घालून तुम्ही त्या आपल्या घरात बसवता, याचं मला कौतुकच आहे. पण त्यातली एक ओळ मला अजिबात मान्य नाही. ती म्हणजे 'चीज एक कप'.

कुठला कप? अमेरिकेतला कप साधारण २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा, आणि आपल्याकडची वाटी ज्याच्या त्याच्या घरची. बरं, कप एकच धरला तरी भागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप किसलेलं चेडर ११३ ग्रॅम आहे, तुकडे केलेलं १३२ ग्रॅम आणि वितळवलेलं २४४ ग्रॅम. कप तोच, चीज तेच, वजन मात्र दुपटीच्या वर! त्यात किसणी बारीक की जाड, कीस हलका सोडला की बोटांनी दाबला, वाटी सपाट की शीग लावून, हे रेसिपीत कोणी लिहीत नाही.

"हाताला अंदाज असतो," असं मोठ्या बायका म्हणतात. आमटीच्या मिठाला असतो, नाकारत नाही. आज्या धान्य मापट्यानं, पायलीनं मोजत, कारण दाणे मापात सारखे बसतात. पण गुळाच्या ढेपेला त्याही तराजूच लावत. चीज गुळासारखं आहे, गव्हासारखं नाही.

आपल्या बाबतीत तर गोंधळ दुप्पट होतो. इटलीचं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय करतच नाहीत, म्हणून ते आपल्या घरात येत नाही. त्याच्या जागी आपण लेबल वाचून, मायक्रोबियल रेनेटचं प्रोसेस्ड चीज घेतो. पार्मिजानो कोरडं, त्याचा कीस भुरभुरीत. आपलं चीज ओलसर, वाटीत घट्ट बसणारं. वाटीला वाटी बदललं, तर पदार्थात भलतंच चीज जातं आणि सॉस चिकट होतो. मग दोष येतो जैन रेसिपीवर: "कांदा-लसूण नाही ना, म्हणून चव नाही." दोष मापाचा असतो, आणि ऐकून घेतो आपण.

शिवाय आपण सूर्यास्ताच्या आत जेवणारी माणसं. जास्त केलेलं रात्री कोणी खात नाही, आणि शिळं आपल्याला चालत नाही. श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोग परिमाण आहे. परिमाण म्हणजे मर्यादा, आणि मर्यादा ठरवायची तर आधी मोजावं लागतं. ताटात काही टाकू नका असं मुलांना सांगायचं आणि ओट्यावर मूठमूठ चीज उधळायचं, हे मला पटत नाही.

काटा महाग पडतो, ही सबबही नको. २०० ग्रॅमच्या ब्लॉकचे सुरीनं चार सारखे भाग केले, की एक भाग ५० ग्रॅमचा. क्यूबच्या पाकिटावर एकूण वजन आणि क्यूबची संख्या छापलेली असते. भागाकार करा, झालं. किसायच्या आधी वजन घ्या, म्हणजे किसणी कोणतीही असो, फरक पडत नाही. जुन्या रेसिपीत 'एक कप किसलेलं' असेल, तर चेडर किंवा त्यासारखं चीज ११० ते ११५ ग्रॅम धरा, आणि तुमच्या घरी जमलेला आकडा वहीत तिथेच लिहून ठेवा.

यापुढे ग्रुपवर रेसिपी टाकताना चीजपुढे ग्रॅम लिहा. ज्या लिहिणार नाहीत, त्यांना मी विचारणार आहे. रागावू नका, उत्तर द्या.